चार नंबरची रायफल

गजानन वझलवार दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी साडेपाच वाजता स्कूटरवरून पोलीस ठाण्यात रायफल जमा करायला निघाला.

हसू नकोस, विलास. तू गजाननला पाहिलेलं नाहीस. पस्तीस वर्षं त्याने स्टेपलरपलीकडे दुसरं हत्यार उचललं नव्हतं. दर दसऱ्याला देवापुढे शस्त्र म्हणून तो आपलं पेन आणि पंचिंग मशीन मांडायचा. मी स्वतः पाहिलंय. दोघांनाही कुंकू लावलेलं असायचं.

"मग नाना, त्यांच्याकडे रायफल आली कुठून?"

सांगतो, अलका. ती मेणबत्ती जरा पलीकडे सरकव, डोळ्यांवर येते. आणि हा विलास मोबाइलचा टॉर्च लावणार असेल तर मी झोपायला जातो.

"नहीं नहीं, नाना. बंद केला. बोला."

तर तारीख होती अठरा ऑक्टोबर दोन हजार अठरा, गुरुवार. त्या वर्षी आपल्या पंचांगात दसरा अठराला होता आणि इथल्या हिंदी लोकांचा एकोणीसला. म्हणजे आपल्या या पिपलानी टाउनशिपमध्ये मराठी घरांसाठी रावण मेलेला होता आणि बाकीच्यांसाठी मैदानात उभा होता. विधानसभेची आचारसंहिता लागलेली. आचारसंहिता लागली की परवान्याचं हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. मोठमोठे ठाकूर निमूटपणे आपल्या दुनळ्या नेऊन देतात. त्या रांगेत गजानन.

रायफल त्याची नव्हती, टाउनशिपच्या नेमबाजी क्लबची होती. हो, आपल्याकडे नेमबाजी क्लब होता. तेव्हा कारखान्यात माणसं इतकी होती की कुठल्याही गोष्टीचा क्लब निघे. क्लबाकडे सहा रायफली होत्या, इंग्रजांच्या काळातल्या. एकीत एका वेळी एकच गोळी. गोळी म्हणजे तरी काय, काडेपेटीतल्या काडीहून आखूड काडतूस. दस्त्याखाली एक लिव्हर असे. ती खाली ओढली की नळीचं मागचं तोंड उघडायचं, काडतूस आत सरकवायचं, लिव्हर वर केली की तोंड बंद आणि रायफल तयार. पुढच्या गोळीला पुन्हा तेच. साहेब लोक म्हणायचे, ही तर खेळणी आहेत. लांबून पाहिलं तर वाटायचंही तसंच.

पुढे क्लब बुडाला. पाच रायफली विकल्या गेल्या. चार नंबरची तेवढी राहिली. तिला गिऱ्हाईक मिळालं नाही, कारण मिळणार नव्हतं. का, ते पुढे येईल. परवाना क्लबाच्या नावावर, आणि क्लबाचा सेक्रेटरी म्हणून कागदावर गजानन. निवृत्त झाला, क्वार्टर सोडलं, पिपलानीच्या मागे दोन खोल्यांचं घर बांधलं, तरी सेक्रेटरी तोच. राजीनामा द्यायचा तर घ्यायला कोणी शिल्लक नव्हतं.

तर तो चादरीत गुंडाळलेली रायफल घेऊन ठाण्यात गेला. मुंशीने, म्हणजे ठाण्यातल्या कारकुनाने, फॉर्म पाहिला आणि परत केला.

"अंकल जी, ये कॉलम तो खाली छोड़ दिया आपने."

"कौनसा?"

"ये. शस्त्र खोलकर जाँचा, खाली पाया. ये लिखके दस्तखत कीजिए."

"आप ही देख लीजिए ना. आप तो पुलिसवाले हैं."

"हमने ऐसी चीज़ ज़िंदगी में नहीं देखी, अंकल. और हमारी ड्यूटी देवी की झाँकी पे है. कल सुबह दस बजे लिखके ले आइए, जमा कर लेंगे."

एका ओळीचं काम. खिशात पेन होतं. गजाननने पेन काढलंही, टोपण उघडलं, आणि बंद करून खिशात ठेवलं. चादर गुंडाळली आणि रायफल घेऊन घरी आला.

"एक ओळ लिहायला काय झालं होतं?" असंच विचारणार ना? ती ओळ त्याने याआधी एकदा लिहिली होती. एकतीस मार्च एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीला.

तेव्हा क्लबाचा सगळा जीव होता बाळू हिरुळकर. वर्ध्याकडचा. कारखान्यात टेक्निशियन, आणि संध्याकाळी रायफलींचा रखवालदार, शिक्षक, डॉक्टर, सगळं तोच. रायफल हातात घेतली की आधी उघडून पाहायची, हा त्याचा कायदा. आत्ताच एकाने पाहून दुसऱ्याच्या हातात दिली, तरी त्या दुसऱ्याने पुन्हा उघडून पाहायची. एकदा जनरल मॅनेजरांनाही त्याने सोडलं नाही. "साहेब, उघडून पाहिली का?" साहेब म्हणाले, "बाळू, तूच तर आत्ता पाहिलीस." तर म्हणे, "मी पाहिली हो. तुम्ही कुठं पाहिली?"

मार्चअखेरीस बाळू आठवडाभर रजेवर गावी गेला. पाहुणे म्हणून आलेले एक अधिकारी त्या रविवारी हौसेने नेमबाजीला आले. चार नंबरमध्ये गोळी भरली, लिव्हर वर केली, आणि तेवढ्यात चहा आला. चहाबरोबर समोसे होते. रायफल टेबलावर राहिली आणि साहेब समोशांकडे गेले. ते परत आले नाहीत. शिपायाने सगळ्या रायफली उचलून कपाटात लावल्या.

आणि एकतीस मार्चला वार्षिक तपासणी. तपासणी अधिकारी गजानन वझलवार. आता तुम्हाला सरकारी तपासणी म्हणजे काय ते ठाऊक नाही. कपाट उघडायचं, नग मोजायचे, यादीशी जुळले की गेल्या वर्षीचं प्रमाणपत्र समोर ठेवून तेच उतरवायचं, फक्त साल बदलायचं. गजाननने मोजल्या. सहा. मग लिहिलं, "सर्व सहा रायफली उघडून तपासल्या. रिकाम्या आढळल्या." सही केली, कपाटाला कागदी सील लावलं आणि त्यावर प्रमाणपत्र चिकटवलं. त्याने एकही उघडली नव्हती. आमच्यातल्या कोणीच उघडली नसती. हा दोष त्याच्या एकट्याचा नव्हता, आमची पद्धतच ती.

दोन एप्रिलला बाळू रजेवरून आला. सील पाहिलं, प्रमाणपत्र वाचलं. जन्मात एकदाच त्या माणसाने कागदावर विश्वास ठेवला. तेलपाणी करायला म्हणून चार नंबर नळीला धरून कपाटातून ओढली. चाप आतल्या खुंटीत अडकला.

गोळी उजव्या डोळ्याखाली लागली.

"बाप रे..."

हं. मग चौकशी झाली. क्लबाच्या समितीने कागद पाहिले. एकतीस मार्चला रायफल रिकामी होती, तशी सही आहे. पुढे सील फोडलं ते बाळूने. मग गोळी भरली कोणी? बाळूनेच. निष्कर्ष, "स्वतःचा निष्काळजीपणा". मागून कोणीतरी हळूच भर घातली, निष्काळजीपणा कसला, मुद्दामच केलं असेल, नवरा-बायकोचं पटत नव्हतं म्हणे. त्याच्या निर्मलाला अनुकंपा नोकरी मिळाली नाही. सहा महिन्यांत क्वार्टर गेलं. एकोणतीस वर्षांची बाई, पदरात लहान मुलगी, आणि वर हा शिक्का, की नवऱ्याने हिच्यामुळे जीव दिला.

गजानन बोलला असता तर त्याची नोकरी गेली असती. तो बोलला नाही. चौकशीचा अहवाल टाइप मी केला. तीन प्रती. मला सगळं ठाऊक नव्हतं. पण वझलवार आणि सहा रायफली उघडून बघणार, हे वाक्य टाइप करताना माझ्या बोटांना पटलं नव्हतं, एवढं सांगतो.

तर ही ती ओळ.

आता त्या रात्रीकडे या. घरी गजानन एकटा. शशिकला, म्हणजे त्याची बायको, मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेलेली. ती असती तर रायफल उंबऱ्याच्या आत आली नसती. पण घरी दसरा. खरंखुरं शस्त्र घरात आलंच आहे, तर पूजा न करता ठेवायचं कसं? त्याने देवाजवळ पाट मांडला, त्यावर रायफल आडवी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. उघडून मात्र पाहिली नाही. हात जोडले.

खिचडी खाल्ली. साडेदहाला फॉर्म घेऊन बसला. अकरा वाजून दहा मिनिटांनी ती ओळ लिहिली. हिंदीत असल्यामुळे जरा सोपं गेलं, म्हणाला. सही केली. फॉर्मवर पेपरवेट ठेवलं. दिवा मालवला.

बाहेर मैदानात उद्याच्या रावणाला कागद चिकटवणाऱ्या पोरांचा आवाज येत होता. तोही साडेअकराला थांबला.

खट्.

देवाच्या बाजूने. गजाननला वाटलं, उंदीर. उठला, दिवा लावला. रायफलची लिव्हर खाली आली होती. तोंड उघडं. त्याने स्वतःची समजूत काढली, इंग्रजांच्या काळातली स्प्रिंग, ढिली झाली असेल. आत न पाहता लिव्हर वर केली. दिवा मालवून पडला.

खट्.

पुन्हा खाली.

या वेळी त्याने कपाटातून फायलीची लाल फीत काढली. लिव्हर वर करून दस्त्यासकट करकचून बांधली. पस्तीस वर्षं फायली बांधलेला हात. ती गाठ मीसुद्धा दातांनी सोडवत असे.

पडला. वाट पाहिली.

पाव तास. काही नाही.

अर्धा तास. काही नाही.

झोप लागायला हवी होती. लागेना. आता आवाज होत नव्हता, याचीच भीती वाटायला लागली. शेवटी उठला. दिवा लावला.

लिव्हर खाली होती.

फीत सुटलेली होती. तुटलेली नव्हती. चार पदरी घडी घालून... फॉर्मवर ठेवलेली होती. सहीच्या बरोबर वर.

तेव्हा त्याला कळलं, काय मागितलं जातंय ते.

बाळू सगळ्यांना एकच रीत शिकवायचा. लिव्हर खाली ओढा. मागच्या तोंडाशी अंगठा घाला, नख नळीकडे करा. आता पुढून नळीला डोळा लावा. नखावर पडलेला उजेड नळीतून दिसला, की नळी मोकळी. नाही दिसला, तर आत काहीतरी आहे.

"नाना, पण पुढून डोळा लावायचा म्हणजे..."

म्हणूनच आधी लिव्हर खाली, अलका. ती खाली असेपर्यंत रायफल काही करू शकत नाही. असं बाळू म्हणायचा.

गजानन पाटासमोर बसला. रायफल उचलली. थंड होती. दस्ता मांडीशी, नळी तोंडाकडे. उजवा अंगठा मागे घातला. नख पुढे. वाकला.

डोळा लावला.

आणि दिसलं की. नळीच्या टोकाशी उजेडाचा इवलासा गोल. त्यात आपलं नख. गुलाबी. स्वच्छ.

रिकामी होती.

तिथेच त्याने ठेवून द्यायला हवी होती. पण तो म्हणाला, काशिनाथ, मला इतकं हलकं वाटलं की मी बघतच राहिलो. जन्मात पहिल्यांदा मी सही केलेली गोष्ट डोळ्यांनी बघत होतो.

मग तो गोल विझला.

दिवा गेला नव्हता. खोलीत उजेड होता. फक्त नळीत नव्हता.

काळोख.

त्या काळोखात काहीतरी हललं.

ओलसर.

एकदा मिटलं.

उघडलं.

डोळा होता.

पलीकडून... कोणीतरी नळीला डोळा लावून... याच्याकडे बघत होतं.

गजाननला मान मागे घेता येईना. हात सोडता येईना. अंगठा आतच. आणि लिव्हर वर यायला लागली. तिला कोणाचा हात नव्हता. हळू. अगदी हळू. मघा त्याने स्वतः दोनदा केली होती तशी. पोलाद अंगठ्याला टेकलं. मग दाबायला लागलं. नख नळीच्या मागच्या तोंडावर आवळलं गेलं.

तो ओरडला नाही.

डोळा बघत होता. रागाने नाही, म्हणाला. बाळू तपासणीच्या वेळी बघायचा तसा. दुसरा माणूस काय उत्तर देतो, याची वाट पाहत.

"नव्हती पाहिली," गजानन म्हणाला.

लिव्हर थांबली नाही.

"बाळू... चार नंबर मी उघडली नव्हती."

थांबली नाही.

"एकही उघडली नव्हती. मी फक्त मोजल्या. तुझी चूक नव्हती. माझी होती. मी गप्प बसलो."

...

खट्.

लिव्हर खाली पडली. नळीच्या टोकाशी पुन्हा उजेड. पुन्हा नख. गजाननने रायफल पाटावर ठेवली. झेंडूचं फूल होतं तिथेच होतं. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

उरलेल्या रात्री त्याने झोपायचा प्रयत्न केला नाही. टेबलाशी बसला आणि कागदावर सगळं लिहून काढलं. पाहुणे साहेब, समोसे, शिपाई, मोजणी, प्रमाणपत्र, चौकशी. खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. पहाटे सव्वापाचला माझं दार वाजलं. अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला, हातात तो कागद.

"काशिनाथ, साक्षीदार म्हणून सही कर."

मी आधी वाचलं. हो, पूर्ण वाचलं. त्या दिवसापासून मीही न वाचता सही करत नाही. कोणी मागत नाही, तो भाग वेगळा.

दहाला ठाण्यात रायफल दिली. तिथून आम्ही गोविंदपुऱ्याकडे गेलो. निर्मला तिथे एका खोलीत राहायची. मुलीचं लग्न झालेलं, स्वतः जवळच्या कारखान्यांतल्या पोरांसाठी डबे करायची. आम्ही गेलो तेव्हा पोळ्या चालू होत्या. गजाननने कागद पुढे केला. तिने पिठाचे हात पुसले, चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचला. दोनदा वाचला. तव्यावरची पोळी करपली, वास सुटला. कोणी गॅस बंद केला नाही. शेवटी मीच केला.

"तीस वर्षं मी सांगत आले," ती म्हणाली, "की हा माणूस न उघडता रायफलला हात लावणारा नव्हता. सासरचे म्हणाले, मग मुद्दाम लावला असेल."

गजानन खाली बघत होता.

"आज कसं सुचलं हो, वझलवार?"

त्याने सांगितलं. सगळं. फीत, नळी, डोळा. मला वाटलं ती हसेल, नाहीतर लाटणं फेकून मारेल. लाटणं मारलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

तिने करपलेली पोळी तव्यावरून काढली.

मग विचारलं, "कसा दिसत होता?"

"डोळाच दिसला फक्त."

"तोच हवा होता मला," ती म्हणाली. "मला बघू दिलं नव्हतं ना. तोंड बांधूनच आणलं होतं घरी." कागदाची घडी घालून तिने ती पदराला बांधली. "तुमच्याकडे आला. माझ्याकडे तीस वर्षांत एकदा आला नाही."

आणि पुन्हा पोळ्या लाटायला बसली. आम्ही बाहेर आलो.

त्या कागदाची एक प्रत आम्ही रीतसर वरही पाठवली. अडीच महिन्यांनी उत्तर आलं. "सदर प्रकरणाची नस्ती मुदत संपल्यामुळे नष्ट करण्यात आली आहे. सबब कार्यवाही संभवत नाही." भाषा पाहिलीत? असं मराठीत रूपांतर करून मी निर्मलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, राहू द्या, माझ्याकडचा कागद पुरे. तिने तो नागपूरला, वर्ध्याला, सासरच्या एकूण एक घरी नेऊन दाखवला म्हणे. एका दिराने पाया पडून माफी मागितली. तिने त्याला उठ म्हटलं नाही. तशीच उठून आली.

"और वो रायफल, नाना?"

निवडणूक संपली, गजाननने ती परत घेतलीच नाही. असेल ठाण्याच्या मालखान्यात. कोणी उघडून पाहत असेल, असं वाटत नाही.

चला, वीज येईल आता. झोपा.

काय गं?

हं. अंगठा. तेवढं राहिलंच.

नखावर एक गोल उमटला होता. बारीक, काळा, कंपासने काढल्यासारखा नेमका. डॉक्टर म्हणाले, रक्त साकळलंय. नख वाढेल तसा पुढे सरकेल आणि पाच-सहा महिन्यांत कापला जाईल. बरोबरच आहे. तुमच्याही नखावर कधी ना कधी झाला असेल. नख वाढतं, डाग पुढे जातो.

गजाननचं नख वाढतं. शशिकला दर रविवारी कापते, ढीगभर कापते. मी पट्टी घेऊन मोजलं होतं, त्याच सकाळी. कातडीपासून गोलापर्यंत चार मिलिमीटर.

सहा महिन्यांनी मोजलं. चार.

दोन वर्षांनी मोजलं.

परवाच्या रविवारी त्याच्याकडे चहाला गेलो होतो. पट्टी नेली होती. त्याने नुसता हात पुढे केला.

चार.